दोन बोटं उरलेली

नऊ नंबरच्या टेबलावरची माणसं उठून गेली
तेव्हा बाटलीत दोन बोटं सोतेर्न उरली होती.
नियम असा, की उरलेली मोरीत ओतायची.
रेबेलोसाहेबांनी माझ्याकडे पाठ केली
आणि नॅपकिन मोजत बसले, मोजलेलेच पुन्हा.
मी ती खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत उतरवली.
तीनदा धुतलेली होती, तरी मनात आलं,
बोर्दोहून निघालेलीला हे सासर मिळावं.

फोर्टातून माझगावपर्यंत चालत आलो.
गोदीच्या भिंतीला लागून ट्रक उभे,
टपांवर माणसं झोपलेली.
मी पाय असे टाकत होतो
जसं वरच्या खिशात कुणाचं पोर निजलंय.

शैला जागी होती. म्हणाली, औषध कुणाला?
म्हटलं, आधी हुंग.
तिनं झाकण काढलं, डोळे मिटले,
बराच वेळ गप्प. मग म्हणाली,
जर्दाळू. वाळत घातलेली संत्र्याची साल.
आणि श्रावणात आपलं कपाट उघडल्यावर येतो ना,
तो वास. पण चांगला.

बावीस वर्षं टेबलाशी वाकून सांगतोय मी
मध, केशर, पिकलेलं अननस,
पाढे म्हणावेत तसं.
कपाट कधी सुचलं नाही.

तिला सांगितलं, या द्राक्षांवर मुद्दाम बुरशी धरू देतात.
सकाळी नदीवरून धुकं, दुपारी ऊन.
साल सुरकुतते, पाणी उडून जातं,
आत गोडी तेवढी राहते.
मग एकेक मणी बघून खुडायचा,
कुजला तो आज, न कुजलेला पुढच्या आठवड्यात.
शैला म्हणाली, माझ्या लोणच्यावर नखाएवढी आली होती
तर तुमच्या आईनं अख्खी बरणी ओतायला लावली
आणि चार दिवस अबोला.

स्टीलच्या दोन वाट्यांत ओतली.
फ्रिजमधलं श्रीखंड तिनं पुढे केलं,
गोडाला गोड, सरळ हिशोब.
घोट घेतला आणि तोंड वाकडं.
अगं बाई, ही तर आंबट झाली!

हिच्याहून गोड काही शेजारी बसलं
की ही अशीच फुरंगटते,
धाकट्या जावेचं कौतुक चाललेलं असावं तशी.

मग लागतं काय हिला?
वहीत लिहिलंय, निळ्या शिरांचं मेंढीचं चीज,
बदकाची लोण्यासारखी कलेजी.
म्हणजे काहीतरी खारट, काहीतरी चरबट.

शैला उठली. पावणेदोनला गॅस पेटवला.
भाऊच्या धक्क्यावरून सकाळी आणलेली गाबोळी
माझ्या उद्याच्या डब्यासाठी राखलेली.
मीठ, हळद, मिरची नावाला.
खालची समईची बाई खोकली, तिला वास गेला असणार.
(तिच्या दाराशी कायम समई असते, नाव कुणालाच ठाऊक नाही.)
कडा कुरकुरल्या, आत दाणा दाणा मऊ,
जिभेवर समुद्र बसला
आणि त्यावर तो घोट आला.

शैलानं ताटलीकडे पाहिलं, मग वाटीकडे,
मग माझ्याकडे, जरा रागानंच.
एवढी वर्षं हे एकटेच खात होतात?

गळ्याची शपथ घेतली, मीही आजच.
बावीस वर्षं बुचाचा वास तेवढा,
आणि लोकांच्या भुवया वर जाताना पाहिलेल्या.

ती हसली, की तिला उचकी लागली, कळलं नाही.
वाटीच्या कडेचं तिनं बोटानं पुसून घेतलं,
माझ्याही वाटीच्या.
औषधाची बाटली धुतली नाही.
झाकण घट्ट लावून कपाटात ठेवली
जुन्या पैठणीच्या मागे.

दुसऱ्या दिवशी पॅन्ट्रीत डबा उघडला,
बटाट्याच्या काचऱ्या.
रेबेलोसाहेबांनी विचारलं, काल कशी होती?
म्हटलं, खारट.